स्पॅनिश साहित्यावरचा शोधनिबंध: जर्नल कसं निवडावं?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका महाविद्यालयात स्पॅनिश शिकवते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषा शिकले, पुढे एम.ए. केलं, आता पीएच.डी. चालू आहे. विषय आहे लॅटिन अमेरिकेतलं तेस्तिमोनिओ, म्हणजे साक्ष म्हणून सांगितलेली आत्मकथनं, आणि मराठीतली दलित स्त्रियांची आत्मकथनं. त्यातलं एक प्रकरण लेख म्हणून पाठवण्याजोगं झालंय असं गाईडना वाटतं, मलाही वाटतं.

थोडक्यात मुद्दा असा. ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांनी जानेवारी १९८२ मध्ये पॅरिसला एलिसाबेथ बुर्गोस यांच्या टेपरेकॉर्डरसमोर आपलं आयुष्य सांगितलं. बुर्गोस यांनी ते उतरवून संपादित केलं आणि १९८३ मध्ये पुस्तक आलं. त्याच १९८२ मध्ये फलटणच्या बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 'स्त्री' मासिकात क्रमशः येत होतं. पुस्तक १९८६ चं. एकीकडे मध्ये ऐकणारी, लिहून घेणारी बाई आहे. दुसरीकडे बेबीताईंनी स्वतःच, घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षं लिहिलं आहे. तरीही दोघी 'मी' सांगता सांगता 'आम्ही'वर येतात. हे दोन्हीकडे कसं घडतं ते मी दाखवते.

आता अडचण. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक जगाच्या अभ्यासाच्या, जर्नलवाल्यांना मराठी अर्धा भाग परका वाटेल, तौलनिक साहित्याच्या जर्नलला स्पॅनिश अर्धा भाग जड जाईल अशी भीती वाटते. स्पॅनिशमध्ये लिहू की इंग्रजीत? कॉलेज म्हणतं जर्नल स्कोपसमध्ये, म्हणजे जर्नलांच्या त्या आंतरराष्ट्रीय सूचीत, हवं. इमेलवर रोज कुणीतरी आठवड्यात छापून देतो म्हणून विचारतं, त्यांच्याकडे मी जाणार नाही, पण खरं आणि खोटं ओळखायचं कसं हेही नीट माहीत असावं असं वाटतं. ज्यांनी या वाटेने प्रवास केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चतुःशृंगी
वाचते आहे. माझा विषय जर्मन, पण प्रश्न तेच आहेत.

ग्रंथसखा
निळीताई, मी विद्यापीठीय ग्रंथालयात आयुष्य काढलं, त्यामुळे याद्यांबद्दल आधी लिहितो.

यूजीसीच्या जर्नल-यादीचा इतिहास पुण्याशी जवळून जोडलेला आहे. २०१७ ला आलेल्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेली कितीतरी जर्नलं घुसली होती. आपल्याच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यांची तपासणी केली, ती २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या आणि तपासलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असावीत असा निष्कर्ष निघाला. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नलं काढून टाकली. मग केअर, म्हणजे यूजीसीची तपासलेल्या जर्नलांची नवी यादी, आली, आणि तिचं तपासणीचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या सेंटर फॉर पब्लिकेशन एथिक्समधून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती केअर यादीही बंद केली. आता फक्त निकष सुचवले आहेत, जर्नल चांगलं की वाईट हे ठरवण्याची जबाबदारी संस्थेवर आहे.

म्हणून तुमच्या कॉलेजचा आजचा नियम लेखी मागून घ्या. कितीतरी ठिकाणी जुनं परिपत्रकच फिरत असतं, त्यात केअर असतं, आणि केअर तर आता नाही. दुसरं, पीएच.डी.साठी म्हणून घाई करत असाल तर यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी थिसिस सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढलेली आहे. तुमच्या संशोधन केंद्राचा वेगळा नियम असू शकतो, तोही लेखी बघा. घाई नसेल तर जर्नल निवडताना फार मोकळीक मिळते.

खऱ्या-खोट्याबद्दल: नकली जर्नल दोन तऱ्हांचं असतं. एक उघड पैसेवालं, ते कळतं. दुसरं जास्त घातक. एखाद्या जुन्या, प्रतिष्ठित, बहुधा छापील जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) उचलून कुणीतरी खोटी वेबसाइट उभी करतं. आयएसएसएन तपासला तर खराच निघतो. त्यामुळे गूगलवर नाव टाकून पहिल्या दुव्यावर कधी जाऊ नका. स्कोपसच्या स्रोत-पानावरून किंवा ज्या विद्यापीठाचं जर्नल आहे त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आत शिरा. स्कोपसच्या पानावर कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत लेख घेतले आहेत तेही असतं. काही जर्नलं मधेच वगळली जातात आणि वेबसाइटवर मात्र 'स्कोपस इंडेक्स्ड' तसंच राहतं.

स्पॅनिश जर्नलांसाठी एक फार उपयोगाची जागा आहे, बार्सेलोना विद्यापीठाचं 'मिआर'. आयएसएसएन टाकला की ते जर्नल कुठल्या कुठल्या सूचींमध्ये आहे ते एका पानावर येतं. फुकट आहे.

निळी_शाई
ग्रंथसखा सर, खूप आभार. परिपत्रक उघडून बघितलं, त्यात खरंच 'यूजीसी केअर किंवा स्कोपस' असंच आहे. उद्या आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांना पत्र देते.

मेसेता
हा धागा वाचून फार आनंद झाला. मी स्पेनच्या सुवर्णयुगातल्या नाटकांवर काम करतो, तुमचा प्रांत माझा नाही, पण हिस्पॅनिक अभ्यासात पुण्याहून कुणी बेबीताईंना घेऊन जातंय हे व्हायलाच हवं होतं.

माझं आग्रहाचं सांगणं: यादीपासून सुरुवात करू नका, तुमच्याच लेखाच्या संदर्भसूचीपासून करा. सूचीत कुठल्या जर्नलचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते लिहून काढा. तिथे तुमच्या विषयावर बोलणं चालू आहे, आणि लेख म्हणजे त्या बोलण्यात तुम्ही घातलेली भर. ज्या जर्नलला पाठवणार त्यातला एकही लेख तुमच्या सूचीत नसेल, तर संपादकाला पहिल्या दोन पानांतच प्रश्न पडतो की हे आमच्याकडे का आलं. असे लेख परीक्षकापर्यंत पोचतच नाहीत.

तेस्तिमोनिओवरचं बोलणं कुठे कुठे झालं ते बघा. हवानाच्या कासा दे लास आमेरिकास या संस्थेने १९७० मध्ये आपल्या पुरस्कारांत तेस्तिमोनिओचा वेगळा विभाग केला. मेंचू यांच्या पुस्तकालाही तो मिळाला. १९८९ मध्ये जॉन बेव्हर्ली यांचा निबंध आला, तो तुमच्या सूचीत असणारच. मग 'लॅटिन अमेरिकन पर्स्पेक्टिव्ज'ने १९९१ मध्ये या विषयाला वाहिलेले अंक काढले. 'रेबिस्ता दे क्रितिका लितेरारिया लातिनोअमेरिकाना'चा १९९२ चा ३६ वा अंक अख्खा यावर आहे. हे जर्नल आन्तोनिओ कोर्नेहो पोलार यांनी १९७५ मध्ये लिमाहून सुरू केलं होतं. १९९९ मध्ये डेव्हिड स्टोल यांनी मेंचूंच्या कथनातल्या तपशिलांवर शंका घेतली आणि पुढची कित्येक वर्षं चर्चा 'खरं की खोटं' यातच अडकून पडली. त्यातून ती बाहेर आली आहे. बालेन्सिया विद्यापीठाच्या 'काम्चात्का'ने २०१५ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या तेस्तिमोनिओवर विशेषांक काढला तो जरूर वाचा. माझ्या मते तुमचा लेख याच ओळीत बसतो.

आणि शर्मिला रेगे यांना विसरू नका. २००६ च्या त्यांच्या पुस्तकात दलित स्त्रियांच्या कथनांना त्यांनी तेस्तिमोनिओ हेच नाव दिलं, तेही पुण्यात बसून. पण ते काम इंग्रजीत, जात आणि लिंगभावाच्या अभ्यासातून आलं. स्पॅनिशमधून वाचणाऱ्या, हा प्रकार ज्यांच्या घरचा आहे अशा अभ्यासकांपुढे ते नेऊन ठेवणं बाकी आहे. तुमच्या लेखाचं पहिलं पान मला तिथे दिसतं.

आता मोठी नावं. 'हिस्पॅनिक रिव्ह्यू' पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं, १९३३ पासूनचं. 'रेबिस्ता दे फिलोलोखिया एस्पान्योला' स्पेनच्या सीएसआयसी या राष्ट्रीय संशोधन संस्थेचं, मेनेन्देस पिदाल यांनी १९१४ मध्ये काढलेलं. 'नुएबा रेबिस्ता दे फिलोलोखिया इस्पानिका' एल कोलेहिओ दे मेहिकोचं, १९४७ चं, आमादो आलोन्सो यांनी सुरू केलेलं. ही तिन्ही जर्नलं मला अतिशय प्रिय आहेत, माझ्यासारख्याचं जगणं त्यांच्यावर चालतं, पण शेवटच्या दोघांचा कल भाषाशास्त्र, पाठचिकित्सा, अभिजात वाङ्मय यांकडे आहे. केवळ नाव मोठं म्हणून तिकडे पाठवलं तर काही महिने जातील आणि हाती दोन ओळींचं पत्र येईल.

एका घोळापासून सावध करतो. 'बुलेटिन ऑफ हिस्पॅनिक स्टडीज' आणि 'बुलेटिन ऑफ स्पॅनिश स्टडीज' ही दोन वेगळी जर्नलं आहेत. मूळ एकच, १९२३ मध्ये लिव्हरपूलला अॅलिसन पीअर्स यांनी काढलेलं, त्याचं नाव तेव्हा 'स्पॅनिश स्टडीज' होतं. १९४९ मध्ये ते 'हिस्पॅनिक' झालं. १९९० च्या दशकात ग्लासगोची शाखा निराळी झाली आणि पुढे तिने जुनं नाव घेतलं. आज लिव्हरपूल युनिव्हर्सिटी प्रेसचं 'हिस्पॅनिक', टेलर अँड फ्रान्सिसकडचं ग्लासगोचं 'स्पॅनिश'. दोन्ही उत्तम, दोन्ही आपला जन्म १९२३ चा सांगतात. चुकीच्या संपादकाला पत्र गेल्याची उदाहरणं आहेत.

लॅटिन अमेरिकेपुरतं पाहायचं तर पिट्सबर्गहून निघणारं 'रेबिस्ता इबेरोअमेरिकाना', चिले विद्यापीठाचं 'रेबिस्ता चिलेना दे लितेरातुरा', बर्लिनच्या इबेरो-अमेरिकन संस्थेचं 'इबेरोअमेरिकाना' आणि लासा या लॅटिन अमेरिकेच्या अभ्यासकांच्या संघटनेचं 'लॅटिन अमेरिकन रिसर्च रिव्ह्यू', एवढ्यांचे गेल्या तीन वर्षांचे अंक चाळा. लेख सगळे वाचायची गरज नाही. अनुक्रमणिका, सारांश आणि संदर्भसूच्या पुरे. एका रविवारी होईल.

निळी_शाई
मेसेता सर, रेगे माझ्या थिसिसमध्ये आहेत, पण लेखात मी त्यांना पाचव्या पानावर ठेवलं होतं. पुढे आणते. 'काम्चात्का'चा अंक आत्ता उघडून बसले आहे.

एक भाबडा प्रश्न विचारते. टेलर अँड फ्रान्सिस वगैरेंच्या साइटवर डॉलरमध्ये मोठे आकडे दिसतात. ते आपल्याला परवडणारच नाहीत ना?

खुलं_दालन
हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, कारण यापायी आपल्याकडचे कितीतरी लोक चांगल्या जर्नलांच्या वाटेलाच जात नाहीत.

ते आकडे तुमचा लेख सगळ्या जगाला ताबडतोब फुकट वाचायला खुला करायचा असेल तर आहेत. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलात तो पर्याय घेतला नाही तर लेखकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. लेख वर्गणीदारांना दिसतो. शिवाय बहुतेक प्रकाशक तुमचं स्वीकृत हस्तलिखित काही काळानंतर संस्थेच्या भांडारात ठेवू देतात. किती महिन्यांनी, ते प्रत्येक जर्नलच्या धोरणात असतं.

पण माझं प्रेम दुसऱ्या वाटेवर आहे आणि ते मी लपवणार नाही. स्पॅनिश-पोर्तुगीज जगात जर्नल चालवणं हे सार्वजनिक विद्यापीठांचं काम मानलं जातं. लेखकाकडून पैसे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. खर्च विद्यापीठ करतं, संपादक तिथले प्राध्यापक. त्यासाठीची सगळी यंत्रणा, म्हणजे जर्नलांच्या सूची आणि ऑनलाइन संग्रह, त्यांनी स्वतः उभारली. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी 'सिएलो', मेक्सिकोत तोलुकाच्या विद्यापीठातून 'रेदालिक', मेक्सिकोच्याच राष्ट्रीय विद्यापीठातून 'लातिन्देक्स', स्पेनमध्ये ला रिओखा विद्यापीठाचं 'दिआलनेत'. मेसेता यांनी सांगितलेल्यांपैकी 'नुएबा रेबिस्ता', सीएसआयसीचं 'रेबिस्ता दे फिलोलोखिया', 'रेबिस्ता चिलेना', 'काम्चात्का' ही सगळी खुली आणि विनाशुल्क आहेत.

याचा तुमच्या लेखाशी थेट संबंध आहे. ग्वातेमालातली किंवा बोलिव्हियातली विद्यार्थिनी बेबी कांबळ्यांबद्दल वाचणार असेल तर ती अशाच जर्नलात वाचेल. तिच्या विद्यापीठाकडे महागड्या वर्गण्या असतीलच असं नाही. आपल्याकडे निदान 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आणि सुमारे १३,००० जर्नलं सरकारी संस्थांना मिळू लागली. पण खाजगी कॉलेजात शिकवणाऱ्याला त्याचा लाभ अजून मिळत नाही, म्हणजे पुण्यातही दोन गल्ल्यांच्या अंतरावर एकाला लेख वाचता येतो, दुसऱ्याला येत नाही. ज्यांच्या आयुष्यावर लिहितोय त्यांच्यासारख्या माणसांपर्यंत ते पोचावं असं वाटत असेल तर खुलं जर्नल हा साधा सोयीचा मुद्दा राहत नाही.

लातिन्देक्सबद्दल एक सूचना. त्याची निर्देशिका आणि त्याचा कातालोगो (निवडक सूची) या वेगळ्या गोष्टी आहेत. निर्देशिकेत नोंद असणं म्हणजे जर्नल अस्तित्वात आहे इतकंच. दर्जाचे निकष पार केलेली जर्नलं कातालोगोत असतात. 'आम्ही लातिन्देक्समध्ये आहोत' असं कुणी म्हणालं की कशात ते विचारा.

पाषाण_रोड
वरचं सगळं पटतं, तरीही दुसरी बाजू मांडतो. मी हंगामी प्राध्यापक आहे. मुलाखतीला समितीपुढे बसलं की 'रेबिस्ता'चं नाव कुणाला ओळखीचं नसतं, स्कोपस का नाही एवढंच विचारतात. कधी इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलातल्या लेखांना किती उद्धरणं मिळतात त्याचा आकडा, विचारतात. हे चूक आहे हे मलाही कळतं, पण घरभाडं द्यायचं असतं. नवीन माणसाला तत्त्वावर जर्नल निवडायला सांगणं थोडं अन्यायाचं होतं.

मेसेता
पाषाणजी, तुमचं म्हणणं हलकं घेण्यासारखं नाही. म्हणून स्पष्ट सांगतो की या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. 'रेबिस्ता चिलेना दे लितेरातुरा' स्कोपसमध्येही आहे आणि वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय सूचीच्या कला-मानव्य विभागातही. सीएसआयसीचं जर्नलही दोन्हींत. 'लॅटिन अमेरिकन रिसर्च रिव्ह्यू' आज केंब्रिजकडे आहे आणि पूर्ण खुलं आहे. आधी विषयाने पाच-सहा निवडा, मग त्यांतली कुठली तुमच्या समितीला चालतात ते पाहा. उलट क्रमाने गेलात तर स्कोपसच्या हजारो नावांतून तुम्ही काय निवडणार?

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल समितीला सांगायला एक वस्तुस्थिती देतो. २०२३ पर्यंत कला-मानव्य सूचीतल्या जर्नलांना तो दिलाच जात नव्हता. त्या वर्षापासून आकडा देतात, पण केवळ कला-मानव्यातल्या गटांमध्ये क्रमवारी लावत नाहीत. आपल्या विषयात लेखाची दखल घ्यायला दहा-दहा वर्षं जातात. दोन वर्षांच्या उद्धरणांवरचा आकडा इथे काहीच सांगत नाही. हे एका कागदावर, प्रकाशकाच्या अधिकृत पानाच्या छापील प्रतीसह न्या. माझ्या अनुभवात समितीतली माणसं ऐकून घेतात, त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

मुक्ता_साताररोड
मी मराठीची शिक्षिका. जर्नलांतलं मला फारसं कळत नाही, पण बेबीताईंच्या उताऱ्यांबद्दल बोलायचं आहे. माया पंडित यांचं इंग्रजी भाषांतर २००८ चं, उत्तम आहे, बाहेरच्या जगाने बेबीताईंना त्यातूनच वाचलं. पण निळीताई, तुम्ही उतारे इंग्रजीवरून स्पॅनिशमध्ये नेणार की मराठीवरून? कृपा करून मराठीवरून न्या. फलटणच्या महारवाड्यातल्या बायकांची बोली, ते एकमेकींना हाका मारणं, ओव्या, शिव्या, हे इंग्रजीतून दुसऱ्यांदा गाळून गेलं तर हातात काय उरेल?

निळी_शाई
मुक्ताताई, मराठीवरूनच करते आहे. स्पॅनिशमध्ये लिहावं असं आता जवळजवळ ठरलंय, आणि त्याचं हेही एक कारण.

मेसेता
मुक्ताताईंनी मर्मावर बोट ठेवलं. तेस्तिमोनिओवर लिहिणाऱ्या जगातल्या शेकडो अभ्यासकांपैकी 'जिणं आमुचं' मुळातून वाचू शकणारे किती? ते तुमचं बळ आहे, लेखात ते दिसू द्या. व्यवहाराचं सांगायचं तर मजकुरात तुमचं स्पॅनिश भाषांतर द्या, मूळ मराठी तळटीपेत. देवनागरी ठेवायची की रोमन लिप्यंतर करायचं ते संपादकांना आधीच विचारा. लिप्यंतर करायचं झालं तर एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. आणि लेख पाठवण्याआधी स्पॅनिश मातृभाषा असलेल्या, पण साहित्य वाचणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. परीक्षक भाषेतल्या अडखळण्यांवर रागावतात आणि विचार बाजूला राहतो.

इंग्रजी पूर्ण सोडू नका. सारांश आणि बीजशब्द दोन्ही भाषांत लागतात. पुष्कळ लोक फक्त इंग्रजी सारांशावरून लेखापर्यंत पोचतात, त्यामुळे तो शेवटच्या रात्री घाईने लिहू नये.

चतुःशृंगी
थिसिस शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेला की लेखाचं काय होतं? आमच्याकडे एकीला संपादकांनी 'आधीच प्रसिद्ध' म्हणून परत पाठवलं होतं.

ग्रंथसखा
बहुतेक जर्नलं थिसिसला पूर्वप्रसिद्धी मानत नाहीत, पण लेख पाठवतानाच्या पत्रात 'हा लेख माझ्या प्रबंधातल्या अमुक प्रकरणावर आधारलेला आहे' हे सांगायलाच हवं. साहित्यचोरी तपासणाऱ्या प्रणालीत शोधगंगेवरचा प्रबंध सापडतो आणि न सांगितल्यास संशय येतो.

खुलं_दालन
यात भर. प्रबंधाचं प्रकरण जसंच्या तसं पाठवलं तर ते परत येणारच. प्रकरणात तुम्ही परीक्षकांना दाखवता की मी सगळं वाचलंय. लेखात ते गृहीत असतं. तेस्तिमोनिओचा इतिहास सांगणारी पंधरा पानं कापा, लॅटिन अमेरिकेतल्या वाचकाला तो पाठ आहे. त्याऐवजी बलुतेदारी, महारवाडा, १९५६ चं धर्मांतर, 'स्त्री' मासिक काय होतं आणि कोण वाचत होतं, यासाठी जागा काढा, कारण ते त्याला मुळीच माहीत नाही. 'रेबिस्ता चिलेना'ला पाठवाल तो लेख आणि भारतीय साहित्यावरच्या जर्नलला पाठवाल तो लेख, दोन्हींत समजावून सांगायच्या गोष्टी बरोबर उलट असतात. म्हणून जर्नल लिहून झाल्यावर निवडायचं नसतं. शेवटचा खर्डा करण्याआधी निवडायचं.

पाषाण_रोड
किती वाट पाहायची? आणि एकाच वेळी दोन ठिकाणी?

मेसेता
दोन ठिकाणी कधीच नाही. हिस्पॅनिक अभ्यासाचं जग लहान आहे, एकच परीक्षक दोन्हीकडे निघू शकतो. नाव एकदा खराब झालं की झालं.

काळाचं म्हणाल तर चार महिने काही कळलं नाही तर सौम्य शब्दांत विचारावं. वर्षातून एकदाच हिस्पॅनिक अंक काढणारी जर्नलंही आहेत, जॉन्स हॉपकिन्सचं 'एमएलएन' तसं, त्याचा हिस्पॅनिक अंक मार्चमध्ये असतो. तिथे स्वीकारलं गेलं तरी छापायला वेळ लागणार. सभासदत्वाची अट असलेलीही आहेत. 'पीएमएलए'ला लेख द्यायचा तर मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचं सभासद असावं लागतं. त्याच संघटनेची जर्नलांची निर्देशिका आहे, तिच्यात वर्षाला किती लेख येतात, किती छापतात, निर्णयाला किती दिवस लागतात ही माहिती जर्नलांनी स्वतः दिलेली असते. ग्रंथालयात चौकशी करा.

नव्या माणसासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला दरवाजा म्हणजे विशेषांकाची कोन्बोकातोरिया, म्हणजे लेख मागवणारं आवाहन. विषय जुळला तर अतिथी संपादक लेख आस्थेने वाचतात, तारखा ठरलेल्या असतात, आणि शेजारी त्याच विषयावरचे लेख असल्यामुळे तुमचा लेख वाचलाही जातो. साक्ष, स्मृती, आदिवासी आणि स्त्रियांची कथनं यांवर अशी आवाहनं निघत असतात. आठवड्यातून एकदा बघायची सवय ठेवा.

चतुःशृंगी
गाईडचं नाव घालायचं का हो? आमच्याकडे घालायचा प्रघात आहे.

मेसेता
साहित्याच्या हिस्पॅनिक जर्नलांत एकाच लेखकाचे लेख ही नेहमीची गोष्ट आहे. मार्गदर्शकाने लेख लिहिलेला नसेल तर नाव घालू नये, तळटीपेत मनापासून आभार मानावेत. आपल्याकडे गुणांच्या कोष्टकांमुळे ही पद्धत पडली. बाहेरचा संपादक दोन नावं पाहिली की कुणी काय लिहिलं ते विचारतो. निळीताईंच्या गाईडनीच लेख पाठवायला सुचवलंय, म्हणजे ते समजून घेतील असं वाटतं.

निळी_शाई
गाईडनी स्वतःच सांगितलंय, नाव फक्त तुझं.

मुक्ता_साताररोड
आणखी एक मागणं. स्पॅनिशमध्ये जरूर लिहा, पण हे आम्हाला मराठीत कधी वाचायला मिळणार? बेबीताईंच्या शेजारी मेंचू ठेवून कुणी मराठीत लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. वाईचं 'नवभारत' आहे, 'समाज प्रबोधन पत्रिका' आहे. फलटणच्या कॉलेजातल्या मुलींना ते हातात देता येईल.

ग्रंथसखा
मुक्ताताईंना माझाही पाठिंबा. नियम एवढाच की तोच लेख दुसऱ्या भाषेत छापला तरी तो पुनःप्रसिद्धीत धरतात, तेव्हा आधी स्पॅनिश जर्नलच्या संपादकांची परवानगी घ्यावी आणि मराठीत मूळ प्रसिद्धीचा उल्लेख करावा. खरं तर मराठी वाचकासाठी लेख नव्यानेच लिहावा लागेल. इथे ग्वातेमालातलं यादवी युद्ध समजावून सांगावं लागेल, महारवाडा नाही. मग तो वेगळा लेख होतो आणि प्रश्नच मिटतो.

आपल्या देशातल्या जागाही ध्यानात असू द्या. दिल्लीला जेएनयूच्या स्पॅनिश केंद्राचं 'हिस्पॅनिक होरायझन' आहे, आयसीसीआर या सरकारी सांस्कृतिक संबंध परिषदेचं स्पॅनिश नियतकालिक 'पापेलेस दे ला इंदिया' आहे. या लेखासाठी नाही तरी थिसिसमधल्या इतर भागांसाठी विचार करा.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यावरून मी ठरवलं ते असं. लेख स्पॅनिशमध्ये, उतारे मराठीवरून, मूळ तळटीपेत. पहिलं पान रेगे आणि १९८२ पासून. तेस्तिमोनिओच्या इतिहासाची पानं कापते, 'स्त्री' मासिकावरचा भाग वाढवते. त्याचे जुने अंक शोधायला पुढच्या आठवड्यात जयकर ग्रंथालयापासून सुरुवात करते. जर्नलं तीन निवडली आहेत: आधी 'काम्चात्का', मग 'रेबिस्ता चिलेना दे लितेरातुरा', मग बर्लिनचं 'इबेरोअमेरिकाना'. क्रमाने, एका वेळी एक. 'काम्चात्का' कॉलेजच्या नियमात बसतं का ते मिआरवर बघून आयक्यूएसीला विचारलंय. नाही बसलं तर दुसऱ्यापासून सुरू करीन. मराठी लेखाचं मुक्ताताईंना कबूल करते, स्पॅनिश पाठवून झालं की लगेच हातात घेते.

मेसेता
क्रम चांगला आहे. पाठवण्याआधी एक करा: परीक्षण निनावी असतं, तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमधून तुमचं नाव काढा, आणि 'माझ्या प्रबंधात म्हटल्याप्रमाणे' अशी वाक्यं मजकुरात राहिली असतील तर तीही. स्पॅनिश मसुदा वाचायला कुणी मिळालं नाही तर व्यनि करा, सालामांकातली माझी एक जुनी सहाध्यायी आनंदाने वाचेल.

ग्रंथसखा
'स्त्री'च्या अंकांसाठी जयकरला जाल तेव्हा आधी फोन करून जा. जुनी मासिकं आतून काढून द्यावी लागतात, त्याला वेळ लागतो. वर्ष आणि महिना लिहून नेलंत तर काम लवकर होईल.